वाटाड्यावाचून : ल प्वी ते काँक

फ्रान्समध्ये लेओं ब्लुम यांच्या सरकारने 1936 सालच्या जून महिन्यात, कारखान्यातील मजुरापासून कचेरीतील कारकुनापर्यंत सर्व नोकरदारांना वर्षाकाठी पंधरा दिवसांची भरपगारी रजा कायद्याने बहाल केली, तेव्हा ज्यांच्या घराण्यात रविवारपलीकडची विश्रांती कोणालाच ठाऊक नव्हती अशा लक्षावधी माणसांपुढे, हाती आलेल्या या वेळाचे करायचे काय, असा एक सर्वस्वी नवा प्रश्न उभा राहिला. क्रीडा आणि विरंगुळा या खात्याचा कारभार पाहणाऱ्या लेओ लाग्रांज या तरुण उपमंत्र्याने त्यांच्यासाठी सवलतीच्या रेल्वे तिकिटांची तजवीज केली आणि माणसे समुद्राकडे, डोंगरांकडे, आजोळच्या खेड्यांकडे निघाली. ज्यांच्या खिशात तिकिटापलीकडे फारसे काही नव्हते, त्यांना पायी चालण्यासारखी दुसरी सहल नव्हती. याच सुमारास बँक ऑफ फ्रान्समध्ये वास्तुशिल्पी म्हणून काम करणारे झाँ ल्वाझो यांच्या मनात देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणाऱ्या, रंगाच्या खुणांनी आखलेल्या दीर्घ पाऊलवाटांची कल्पना घोळत होती. मध्यंतरी महायुद्ध आले. तथापि 1947 साली या कार्यासाठी राष्ट्रीय समिती स्थापन झाली आणि लोआर नदीच्या काठाने ओर्लेआँ ते बोजाँसी हा पहिला टप्पा खुणांनिशी तयार झाला.

आज त्या एका टप्प्याचे संपूर्ण देशभर पसरलेले जाळे झाले आहे. चालणारा एक छोटी मार्गपुस्तिका विकत घेतो, मुक्कामाच्या गावी खाट राखून ठेवतो, जड पिशवी एका गावाहून दुसऱ्या गावी पोहोचवणाऱ्या मोटारवाल्याच्या स्वाधीन करतो, आणि वाटाड्यावाचून, टोळीवाचून, आपल्या पावलाच्या गतीने आठ-दहा दिवस अनोळखी मुलखातून निर्धास्तपणे चालत राहतो. वरवर पाहता हे संपूर्ण स्वातंत्र्य आहे. माझे मत असे की या सहलीत वाटाड्या नाही असे नव्हे, तर तो मोजणीदाराच्या दफ्तरात, कायद्याच्या कलमांत, रंगाचा डबा घेऊन हिंडणाऱ्या स्वयंसेवकांच्या हातांत आणि संध्याकाळी दार उघडणाऱ्या खेड्यातील कुटुंबात विभागून राहिला आहे. आणि हे सारे कसे घडून आले ते ठाऊक असेल तर त्या वाटेवरचे प्रत्येक पाऊल अधिक सकारण होते. उदाहरणादाखल मध्य फ्रान्सच्या डोंगराळ प्रदेशातील ल प्वी-आँ-व्हले ते काँक ही सुमारे 200 किलोमीटरांची वाट घेऊ. स्पेनमधील सांतियागो या तीर्थक्षेत्री जाणाऱ्या प्राचीन मार्गाचा हा आरंभीचा भाग असून राष्ट्रीय वाटांच्या यादीत त्याचा क्रमांक 65 आहे.

प्रथम दफ्तराकडे वळू. अठराव्या शतकात कासिनी घराण्यातील ज्योतिर्विदांनी त्रिकोणमापनाच्या आधारे सबंध राज्याचा पहिला शास्त्रशुद्ध नकाशा सिद्ध केला. परंतु 86,400 मीटरांना एक मीटर या त्याच्या प्रमाणात नद्या, अरण्ये, चर्चचे मनोरे आणि मोठे रस्ते सामावले, शेताशेतांमधून जाणाऱ्या वाटा मात्र बहुतांशी बाहेरच राहिल्या. त्या कागदावर आल्या त्या नेपोलियनच्या 1807 सालच्या कायद्याने, ज्यान्वये सारा न्याय्य रीतीने आकारता यावा म्हणून प्रत्येक गावाच्या शिवाराची मोजणी सुरू झाली आणि ती पुरी व्हावयास काही दशके लागली. मोजणीदाराने प्रत्येक शेताला क्रमांक दिला, मालकाचे नाव लिहिले, क्षेत्र आणि प्रत नोंदली; आणि ज्या पट्ट्यावर कोणाचाच सारा बसत नव्हता तो, दोन शेतांच्या हद्दींमधला, बिनक्रमांकाचा मोकळा राहिला. गुरे रानात नेण्याची, गिरणीला जाण्याची, प्रेत दफनभूमीत पोहोचवण्याची ती वहिवाट होती. करवसुलीसाठी निर्माण झालेला हा दस्तऐवज गरीब माणसाच्या पायवाटेचा सर्वांत भक्कम पुरावा ठरावा, हे मला या इतिहासातील मोठे भाग्य वाटते. आज राष्ट्रीय भूगोल संस्थेच्या ज्या नकाशावर एका सेंटिमीटरात 250 मीटर जमीन दाखवलेली असते, त्यावर चौरस्त्यावरचा क्रूस, झरा, पडके घर आणि ही वाट, सर्व काही सापडते.

दफ्तरात नोंद आहे म्हणून वाट जमिनीवर टिकतेच असे मात्र नाही. फ्रेंच कायद्यानुसार ग्रामीण वाट कम्यूनच्या, म्हणजे गावच्या स्थानिक संस्थेच्या, खाजगी स्वरूपाच्या मिळकतीत मोडते, जरी तिचा उपयोग सार्वजनिक असला तरी. याचा व्यावहारिक अर्थ असा की शेजारच्या शेतकऱ्याने ती नांगरून तीस वर्षे निर्वेधपणे कब्जात ठेवली तर तो तिच्यावर मालकी सांगू शकतो. आणि गावाला ती वापरात राहिली नाही असे ठरवून, जाहीर चौकशीअंती, विकूनही टाकता येते. महायुद्धानंतर यांत्रिक शेतीसाठी तुकड्यांचे एकत्रीकरण झाले, तेव्हा सजीव कुंपणांबरोबर असंख्य वाटा नांगराखाली गेल्या. या हानीला बांध घालणारी तरतूद 1983 सालच्या कायद्याने झाली : प्रत्येक जिल्ह्याने भ्रमंतीच्या वाटांची योजना तयार करावी, आणि त्या योजनेत नोंदलेली ग्रामीण वाट विकायची झाल्यास तिच्या मोबदल्यात तितकीच सोयीची दुसरी वाट दिल्यावाचून ती विक्री रद्दबातल समजावी. जेथे वाट खाजगी जमिनीवरून जाते तेथे मालकाशी लेखी करार करतात. 2022 सालच्या कायद्याने तर गावांना आपल्या सर्व वाटांची गणती करण्याचा ठराव करून त्या अवधीत तीस वर्षांच्या मुदतीचा काळ स्थगित ठेवण्याचाही अधिकार दिला आहे. फ्रान्समध्ये सुमारे पस्तीस हजार कम्यून आहेत, आणि त्यांतील कित्येकांची वस्ती दोन-चारशेंवर जात नाही. अशा गावच्या कचेरीत आठवड्यातून काही तासच बसणाऱ्या कारकुनाच्या टेबलावर वाटेचे भवितव्य ठरते, हे प्रवाशाने विसरू नये.

खुणांची भाषा सोपी आहे. वर पांढरा आणि खाली तांबडा असे दोन आडवे पट्टे म्हणजे दीर्घ वाट. पिवळा आणि तांबडा म्हणजे एखाद्या प्रदेशाभोवती फिरून येणारी वाट. नुसता पिवळा म्हणजे गावाभोवतालची अर्ध्या दिवसाची फेरी. वळण आले की पट्ट्यांखाली बाण असतो, आणि चुकीच्या दिशेच्या तोंडाशी तेच दोन रंग फुलीच्या आकारात काढलेले असतात. ऊन, पाऊस आणि शेवाळ यांनी त्या खुणा झिजतात, झाडे तोडली जातात, म्हणून त्या पुनःपुन्हा रंगवाव्या लागतात. आणि हे काम पायी भ्रमंतीच्या राष्ट्रीय महासंघाचे हजारो स्वयंसेवक, ज्यांत सेवानिवृत्त माणसांचा भरणा मोठा, विनावेतन करतात. फाट्यावर उभे राहून मनात संदेह यावा आणि नेमक्या त्याच ठिकाणी कुंपणाच्या दगडावर ओलसर ताजा पट्टा दिसावा, या अनुभवात जी मानवी कृपा आहे ती कोणत्याही यंत्रात सापडणार नाही.

आता प्रत्यक्ष वाटेवर येऊ. ल प्वी हे ज्वालामुखीच्या सुळक्यांभोवती वसलेले नगर आहे. एका सुळक्यावर 268 पायऱ्या चढून गेल्यावर दहाव्या शतकातील सेंट मायकेलचे देवालय लागते. दुसऱ्यावर, क्रिमियाच्या युद्धात सेव्हास्तोपोल येथे हस्तगत केलेल्या 213 तोफा वितळवून 1860 साली उभारलेली मेरीमातेची तांबडी मूर्ती आहे. येथील बिशप गोदेस्काल्क हे 950 साली सांतियागोच्या यात्रेस निघाले, आणि वाटेत स्पेनमधील आल्बेल्दा मठातील एका भिक्षूने त्यांच्यासाठी नकलून दिलेली पोथी आजही पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. या मार्गावरील नावानिशी ज्ञात असलेले सर्वांत जुने यात्रेकरू ते बिशपच. रोज सकाळी सात वाजता कॅथीड्रलमध्ये प्रार्थना होते, यात्रेकरूंना आशीर्वाद दिला जातो, आणि पायऱ्यांच्या मोठ्या उतरणीवरून माणसे पश्चिमेकडे निघतात.

पहिले दोन दिवस मसुरीच्या शेतांतून, काळ्या लाव्ह्याच्या गडग्यांमधून आणि आलिये नदीच्या खोल दरीतून जातात. सोग या गावी 1764 ते 1767 या काळात शंभराच्या आसपास बळी घेणाऱ्या जेव्होदाँच्या श्वापदाची कथा अद्याप सांगितली जाते. पुढे मार्जरीदचा ग्रॅनाइटचा मुलूख लागतो, आणि तेथील सँ-आल्बाँ या गावाशी मात्र थांबलेच पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या अंमलाखालील फ्रान्समधील मनोरुग्णालयांत हजारो रुग्ण उपासमारीने मेले. परंतु सँ-आल्बाँच्या रुग्णालयात स्पेनमधून परागंदा झालेले डॉक्टर फ्रांसेस्क तोस्केयेस आणि त्यांचे सहकारी यांनी दरवाजे उघडले, रुग्ण शेतांवर कामास जाऊ लागले, शेतकऱ्यांनी धान्य आणि बटाटे दिले, आणि तेथे माणसे जगली. कवी पॉल एल्युआर यांनाही 1943 साली याच छपराखाली आश्रय मिळाला. आधुनिक मानसोपचाराच्या इतिहासात या लहानशा गावाचे नाव आदराने घेतले जाते.

नंतर ओब्राकचे पठार. सुमारे 1,200 ते 1,300 मीटर उंचीवर वृक्षहीन कुरणे क्षितिजापर्यंत पसरलेली, मधून मधून काळ्या दगडांचे ढीग, आणि डोळ्यांना काजळ घातल्यासारख्या काळ्या कडा असलेली पिंगट गुरे. ही गुरे परंपरेने 25 मेच्या सुमारास खालच्या खोऱ्यांतून वर येतात आणि 13 ऑक्टोबरच्या सुमारास खाली उतरतात. उन्हाळाभर गवळी दगडी खोपट्यांत राहून चीज करीत, त्या खोपट्यांना बुरों म्हणतात, आणि त्यांतील बहुतेक आता ओस पडली आहेत. खुद्द हे चीजही नामशेष होण्याच्या बेतात असता 1960 साली लायोल येथील शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढून ते वाचवले. ताजे चीज आणि उकडलेले बटाटे घोटून केलेला, पळीला तारेसारखा लोंबणारा आलिगो हा या पठाराचा पदार्थ. प्राचीन काळी तो बटाट्याऐवजी पावाचा करीत आणि मठातील भिक्षू तो यात्रेकरूंना वाढीत, असे सांगतात.

तो मठ ओब्राक गावी होता. 1120 च्या सुमारास आदालार या फ्लेमिश सरदाराने तो स्थापन केला. या पठारावर चोरांनी आणि हिमवादळाने त्याला गाठले होते, आणि सुखरूप सुटलो तर येथे वाटसरूंसाठी आश्रयस्थान बांधीन असा नवस त्याने केला, अशी परंपरा आहे. धुके दाटले किंवा बर्फ पडू लागले की मठाची घंटा वाजवीत, जेणेकरून भरकटलेल्याने आवाजाच्या रोखाने यावे. नासबिनालहून ओब्राकवरून सँ-शेलीकडे जाणारा हा टप्पा 1998 साली युनेस्कोने जागतिक वारशात समाविष्ट केलेल्या मार्गखंडांपैकी एक आहे, आणि माझ्या मते संपूर्ण वाटेत याच्याइतका उदात्त दुसरा भाग नाही. मे आणि सप्टेंबर हे येथे चालण्याचे उत्तम महिने. तथापि मेअखेरही बोचरा वारा असतो, आणि शरद ऋतूत शिकारीचा हंगाम सुरू झाल्यावर उठून दिसणारे कपडे घालणे शहाणपणाचे ठरते. कुरणाचे फाटक उघडले तर ते आपल्या हाताने पुन्हा लावून घ्यावे.

या डोंगराळ जिल्ह्यांतील वस्ती शतकभरात ओसरत गेली आहे. लोझेर जिल्ह्याची लोकसंख्या 1851 साली दीड लाखाच्या जवळ होती, आज ती पाऊण लाखाच्या आसपास आहे. आणि प्रत्येक गावच्या चौकातील स्मारकावर पहिल्या महायुद्धात पडलेल्यांची नावे वाचली की एकेका आडनावाचे दोन-दोन, तीन-तीन पुत्र कोठे गेले ते कळते. रिकाम्या पडत चाललेल्या घरांना आधार द्यावा, शेतकऱ्याला जोडउत्पन्न मिळावे, या हेतूने एमील ओबेर या सिनेटरांच्या प्रयत्नाने 1951 साली आल्प्समध्ये पहिले ग्रामीण विश्रामघर उघडले आणि 1955 साली त्यांचा राष्ट्रीय संघ झाला. आजच्या वाटेवरील मुक्कामघरे त्याच विचाराची अपत्ये होत. तेथील रिवाज ठरलेला आहे : बूट दाराशी काढायचे, रात्रीचे जेवण सातच्या सुमारास एकाच लांब मेजावर, यजमान आणि सर्व पांथस्थ एकत्र. शाकाहारी माणसाने आपला नियम खाट राखतानाच कळवावा, म्हणजे गृहिणीची धांदल होत नाही. बेत बदलल्यास आदल्या दिवशी निरोप देणे हे तर कर्तव्यच, कारण चार खाटांच्या घरात एक रिकामी खाट हे मोठे नुकसान असते.

पठारावरून उतरताच लोत नदीचे उबदार खोरे येते. सँ-कोमचा पिळदार मनोरा, एस्पालियाँचा जुना पूल, एस्ताँचा किल्ला ही एकामागोमाग येणारी रम्य स्थळे असली तरी प्रवासी त्यांचे वर्णन कोणत्याही पुस्तिकेत वाचू शकेल. काँक हे गाव मात्र चेस्टनटच्या रानातील एका घळीच्या कुशीत असे दडले आहे की शेवटच्या उतरणीपर्यंत ते दिसतच नाही. तेथील चर्चच्या महाद्वारावर बाराव्या शतकात कोरलेला अंतिम न्यायाचा देखावा आहे. 1837 साली ऐतिहासिक वास्तूंचे निरीक्षक प्रोस्पेर मेरिमे येथे आले आणि मोडकळीस आलेली ही वास्तू वाचवण्याची खटपट त्यांनी केली. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात देवालयांतील सोने सरकारजमा होत असता, येथील गावकऱ्यांनी संत फ्वाची रत्नजडित सुवर्णमूर्ती आणि इतर ठेवा लपवून ठेवला आणि कालांतराने परत केला, म्हणूनच ती आज पाहावयास मिळते. शेजारच्या रोदेझ येथे जन्मलेले चित्रकार पिएर सुलाज यांनी 1994 साली पूर्ण केलेल्या 104 खिडक्यांच्या बिनरंगी काचा दिवसाच्या प्रहरांनुसार निळसर, नारिंगी अशा छटा घेतात.

काँकपासून पिरेनीज पर्वताच्या पायथ्याचे सँ-झाँ-पिए-द-पोर सुमारे साडेपाचशे किलोमीटर दूर आहे. पुष्कळ फ्रेंच लोक तेथवर एका दमात जात नाहीत. रजा आता पंधरा दिवसांची राहिली नसून पाच आठवड्यांची झाली आहे, तरी घर, मुलेबाळे आणि वृद्ध आईबाप यांतून वाटेसाठी एक आठवडाच काढता येतो. तेव्हा ते काँकला थांबतात, मोटारीने रोदेझ गाठून रेल्वेने आपापल्या गावी परततात, आणि पुढल्या वर्षी ज्या दगडाशी वाट सोडली त्याच दगडापासून ती पुन्हा धरतात.