मोटरहोममागे बोट जोडली, पण पाणी कुठाय? अ‍ॅरिझोनापासून उजनीपर्यंत

(या भागाचं लिखित रूप. ऐकताना जसं बोललोय, जवळपास तसंच ठेवलंय.)

यूट्यूबवर तुम्ही ते व्हिडिओ नक्की पाहिले असतील. लालसर डोंगर, सरळसोट रस्ता, बसएवढं मोटरहोम आणि त्याच्या मागे ट्रेलरवर चक्क बोट. आजूबाजूला नुसतं वाळवंट, आणि ही मंडळी बोट घेऊन चाललीत! बघताना दोन प्रश्न पडतात. एक, वाळवंटात बोट चालवतात कुठे? आणि दोन, हे आपल्याला पुण्यातून जमेल का? आज दोन्ही प्रश्न घेऊया.

वाळवंटात पाणी आलं कुठून?

अमेरिकेच्या नैर्ऋत्येला अ‍ॅरिझोना, नेवाडा, युटा ही राज्यं आहेत. त्यांच्यामधून कोलोरॅडो नदी वाहते. तिच्यावर 1930 च्या दशकात हूवर धरण झालं आणि त्यामागे लेक मीड तयार झाला. 1963 मध्ये ग्लेन कॅनियन धरणात पाणी अडवायला सुरुवात झाली आणि लेक पॉवेल भरायला लागला. म्हणजे व्हिडिओत दिसणारं ते निळंशार पाणी म्हणजे नैसर्गिक तलाव नाही, धरणाचं बॅकवॉटर आहे. आपल्या उजनीसारखंच.

आणि धरणाचं पाणी म्हटलं की ते वर-खाली होणारच. लेक पॉवेल पूर्ण भरला तर पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून 3,700 फूट असते. 2023 च्या सुरुवातीला ती साधारण 3,520 फुटांवर आली होती. 180 फूट खाली! अठरा मजली इमारत डोळ्यासमोर आणा, तेवढं पाणी उतरलं. लेक मीडनेही 2022 च्या जुलैत, पहिल्यांदा भरल्यापासूनचा नीचांक गाठला.

याचा सहलीशी संबंध काय? बोट पाण्यात सोडायला काँक्रीटचा उतार लागतो, त्याला रॅम्प म्हणतात. पाणी खाली गेलं की रॅम्पचं टोक कोरडं पडतं. 2022 मध्ये लेक मीडवरचे बहुतेक रॅम्प बंद होते. शेकडो मैल बोट ओढत न्यायची आणि रॅम्पवर 'बंद' अशी पाटी! म्हणून तिथले अनुभवी लोक निघण्याआधी हवामानासोबत धरणाची पातळी बघतात.

वजनाचं गणित

आता गाडीकडे येऊ. प्रत्येक मोटरहोमला कंपनीने एक मर्यादा दिलेली असते: गाडी आणि ट्रेलर मिळून जास्तीत जास्त वजन. समजा ती 8,000 किलो आहे. सामान आणि माणसांसकट गाडी 6,300 किलो भरली. उरले 1,700. बोट 1,000, तिचं इंजिन आणि पेट्रोल 250, ट्रेलर 350. झाले 1,600. वाटतं, बसलं की!

पण पिण्या-अंघोळीची टाकी भरायची राहिलीय. 300 लिटर पाणी म्हणजे 300 किलो. म्हणजे आपण 200 किलोने ओव्हर. आणि वाळवंटात पाणी कमी घेऊन चालत नाही. यावर सरळ उपाय म्हणजे अंदाज बांधायचा नाही, सगळं भरून वजनकाट्यावर जायचं. मग टाकी हलकी ठेवून शेवटच्या मुक्कामी भरायची, की सामान कमी करायचं, ते ठरवता येतं.

दुसरी गोष्ट, वजन कुठे पडतं. ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर यावा, असा ढोबळ नियम आहे. फार जास्त आला तर गाडीची मागची बाजू दबते आणि पुढची चाकं हलकी होतात. स्कूटरवर मागे गॅस सिलिंडर बांधून नेला असेल तर हँडल कसं हलकं लागतं, ठाऊक असेल. तसंच. फार कमी आला तर ट्रेलर शेपटीसारखा डोलायला लागतो. डोलायला लागला तर घाबरून जोरात ब्रेक मारू नका. स्टिअरिंग सरळ धरा, अ‍ॅक्सिलरेटर हळूच सोडा.

उतार, ऊन आणि गरम चाकं

चढाला इंजिन तापतं. तिथल्या काही लांब चढांवर 'एसी बंद करा' अशा पाट्याच लावलेल्या असतात. पण खरी परीक्षा उतारावर. मागचं दीड टन वजन गाडीला पुढे ढकलत असतं. सतत ब्रेकवर पाय ठेवला की ब्रेक तापतात आणि एका क्षणी धरेनासे होतात. म्हणून उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकायचा. आपल्या बोरघाटात, खंबाटकीत ट्रकवाले हेच करतात. बऱ्याच बोट ट्रेलरना स्वतःचे ब्रेकही असतात. ट्रेलर पुढे ढकलायला लागला की त्याच जोरावर ते लागतात.

टायरमध्ये हवा कमी असेल तर टायर जास्त वाकतो, जास्त तापतो आणि फुटतो. वाळवंटातल्या दुपारी हे फार पटकन होतं. म्हणून हवा सकाळी, टायर थंड असताना तपासायची.

एक बारीक गोष्ट फार लोकांना माहीत नसते. लांबचा प्रवास करून ट्रेलर थेट पाण्यात उतरवायचा नाही. चाकांचे हब तापलेले असतात. थंड पाण्यात ते एकदम आकुंचन पावतात, पाणी आत खेचतात आणि बेअरिंगचं ग्रीस खराब होतं. परतीच्या वाटेवर बेअरिंग जाम. त्यापेक्षा अर्धा तास थांबा, चहा घ्या.

बोटीतून जाणारा पाहुणा

2007 मध्ये लेक मीडमध्ये क्वागा नावाचा नखाएवढा शिंपला सापडला. मूळचा युक्रेनकडचा. पाइप, इंजिन, धरणाच्या जाळ्या, सगळीकडे चिकटतो. त्याची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत आणि बोटीत उरलेल्या पाण्यातून दुसऱ्या तलावात जातात. म्हणून तिथे नियम आहे: बोट धुवा, पाणी काढा, सुकवा. अ‍ॅरिझोना आणि युटामध्ये रस्त्यावरून बोट नेताना तळाचा प्लग काढलेलाच असावा लागतो.

मग पुण्यातून?

मोटरहोमचं म्हणाल तर महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय. पण मागे बोट जोडायची तर आणखी कागद लागतात. मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे, त्याची वेगळी नोंदणी हवी. घरच्या घरी वेल्डिंग करून बनवलेला चालत नाही. इंजिनवर चालणाऱ्या बोटीला 2021 च्या अंतर्देशीय जहाज कायद्याखाली तपासणी आणि नोंदणी लागते. शिवाय धरण जलसंपदा विभागाचं, त्यामुळे परवानगी त्यांची. खडकवासला तर आपलं पिण्याचं पाणी आहे, ते या यादीतून काढूनच टाका.

रस्त्याच्या हिशोबाने सोपं पडेल ते उजनी. सोलापूर रोडने भिगवणपर्यंत साधारण शंभर किलोमीटर, मोठा घाट नाही. पण इथेही पातळी बघायची. उजनीची एकूण क्षमता सुमारे 117 टीएमसी. त्यातलं 63 टीएमसीहून जास्त मृतसाठा. उरलेला उपयुक्त साठा संपला की बातमी येते, 'उजनी मायनसमध्ये'. म्हणजे धरण रिकामं नसतं, मृतसाठ्यातलं पाणी उतरत असतं. 2024 च्या उन्हाळ्यात ते उणे 50 टक्क्यांच्याही खाली गेलं. अशा वेळी काठ दूर सरकतो, मध्ये गाळ उघडा पडतो आणि एरवी पाण्याखाली असलेलं पळसदेवचं जुनं मंदिर बाहेर येतं. फोटोला छान, पण त्या गाळात ट्रेलर नेला तर क्रेनच बोलवावी लागेल.

आणि याच उन्हाळ्यात, 21 मे 2024 ला, कुगाव ते कळाशी जाणारी प्रवासी बोट अचानक आलेल्या वादळी वाऱ्यात उलटली. सहा जणांचा जीव गेला. उन्हाळ्याच्या शेवटी, वळवाच्या आधी वारा कसा उठतो ते आपण गावाकडे बघितलेलं असतं. पसरलेल्या पाण्यावर तो वारा अडवायला काही नसतं. अ‍ॅरिझोनातही जुलै ते सप्टेंबर मान्सून असतो. 1997 च्या ऑगस्टमध्ये लेक पॉवेलजवळच्या अँटिलोप कॅनियनमध्ये अचानक लोंढा आला आणि 11 पर्यटक गेले. कोरड्या ओढ्यात मुक्काम करायचा नाही, हे तिथेही खरं आणि आपल्याकडेही.

थोडक्यात, या सहलीत गाडी किती भारी आहे हे शेवटी येतं. आधी तीन गोष्टी विचारा. काट्यावर वजन किती? वाटेत उतार किती? आणि धरणात आज पाणी किती, वारा कसा? तिन्हींची उत्तरं फोनवर किंवा वजनकाट्यावर मिळतात. चौथी गोष्ट विचारायची नाही, करायची: लाइफ जॅकेट घालायचं. सीटखाली ठेवायचं नाही, अंगात घालायचं. भाड्याच्या गाडीचा विचार असेल तर 'मागे काही ओढू देता का?' हे बुकिंगच्या आधीच विचारा. अनेक ठिकाणी उत्तर 'नाही' असंच असतं.

अमेरिकेत राहणाऱ्या तुमच्या ताई-दादाचा लेक पॉवेलचा बेत चालला असेल तर हा भाग त्यांना पाठवा. आणि भिगवणला जाणार असाल तर स्थानिक नावाड्याची बोट घ्या, जॅकेट मागून घ्या, हिवाळ्यात जा. फ्लेमिंगो दिसतील. भेटू पुढच्या भागात!