घड्याळ, पंचांग आणि पैसा

किती वाजले, आज तारीख काय आणि ह्याचे पैसे किती झाले, हे तीन प्रश्न माणूस दिवसातून जितक्या वेळा विचारतो तितक्या वेळा देवाचे नावही घेत नसेल. तिन्हींची उत्तरे इतकी सहज मिळतात की ती कोणीतरी कधीतरी ठरवलेली आहेत, त्यांसाठी समित्या बसल्या, भांडणे झाली, क्वचित दगडही पडले, ह्याचा आपल्याला विसर पडतो. सूर्य उगवावा तसेच नऊ वाजतात असे आपण धरून चालतो. वस्तुतः सूर्य उगवतो तो निसर्गाच्या नियमाने आणि नऊ वाजतात ते माणसांच्या ठरावाने. ह्या दोहोंतला भेद न कळणे हा मनुष्यजातीचा जुना वेडेपणा होय. आणि शहाणे म्हणवणारे राज्यकर्तेही त्यातून सुटलेले नाहीत. आपल्याच देशातली तीन उदाहरणे घेऊन आम्ही हा मुद्दा मांडणार आहोत.

प्रथम घड्याळ घेऊ. पृथ्वी स्वतःभोवती २४ तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे तासाला १५ अंश, किंवा एका अंशाला ४ मिनिटे. पूर्वेकडच्या गावात माध्यान्ह आधी होते, पश्चिमेकडच्या गावात मागाहून. पुण्याच्या डोक्यावर सूर्य मुंबईच्या आधी सुमारे ४ मिनिटे येतो, नागपूरच्या डोक्यावर सुमारे २५ मिनिटे, आणि कोलकात्याच्या डोक्यावर तासाहूनही थोडा अधिक आधी. घोड्याबैलांच्या काळात ह्याचे कोणाला सोयरसुतक नव्हते. जो तो आपल्या गावच्या सूर्यावर घड्याळ लावी, आणि घाट उतरून दिवसांनी मुंबईस पोहोचणाऱ्याला चार मिनिटांचा फरक कळणार तरी कसा?

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी गेली आणि हा निवांतपणा संपला. एकाच रुळावरून दोन्ही बाजूंनी गाड्या सोडायच्या तर प्रत्येक स्टेशनाचे माध्यान्ह वेगळे असून चालत नाही. वेळापत्रकातली पाच मिनिटांची चूक तिथे जिवावर बेतते. तेव्हा रेल्वेने मद्रासची वेळ धरली. मद्रासला १७९२ पासूनची वेधशाळा होती, आणि रेखांशाच्या हिशेबाने ते शहर मुंबई व कलकत्ता ह्यांच्या अध्येमध्ये पडत होते. रेल्वेची वेळ एक आणि गावाची दुसरी, असा दुहेरी संसार सुरू झाला.

१८८१ साली मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन ह्यांनी हुकूम काढला की मुंबईच्या सरकारी कचेऱ्यांनीही मद्रासची वेळ पाळावी. म्हणजे मुंबईची घड्याळे अर्धा तास पुढे! गावाने तो हुकूम मनापासून मानलाच नाही, आणि १८८३ साली सरकारला तो मागे घ्यावा लागला. पुढे १८८४ मध्ये वॉशिंग्टनला राष्ट्रांची परिषद भरून ग्रीनिचचे रेखावृत्त शून्य मानण्याचे ठरले. त्याला अनुसरून १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानात साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची, म्हणजे ग्रीनिचच्या पुढे साडेपाच तासांची प्रमाणवेळ सुरू झाली. मुंबईची स्वतःची वेळ तिच्या ३९ मिनिटे मागे होती.

कागदावर ३९ मिनिटे म्हणजे काहीच नव्हे. पण गिरणीत जाणाऱ्या मजुराच्या बाजूने पाहा. भोंगा घड्याळाप्रमाणे व्हायचा. घड्याळ पुढे गेले तर त्याला आणखी ३९ मिनिटे अंधारातून उठून निघावे लागणार. सूर्य त्याच्यासाठी लवकर उगवणार नव्हता. जानेवारी १९०६ मध्ये मुंबईतल्या हजारो गिरणी कामगारांनी काम बंद ठेवले, गिरण्यांवर दगड फेकले. नागरिकांनी हजारो सह्यांचे अर्ज केले. त्यावेळच्या अंमलदारांना ह्यात अडाणीपणा दिसला असेल. आम्हाला तसे वाटत नाही. मजुराला रेखांश ठाऊक नसतील, पण त्याच्या झोपेतून काय कापले जात आहे हे त्याला बरोबर कळले होते. शिवाय १९०५ च्या ऑक्टोबरात बंगालची फाळणी झाली होती. जे सरकार लोकांना न विचारता प्रांत तोडते तेच आता न विचारता घड्याळाचा काटा सरकवते, असे लोकांच्या मनात आले तर नवल नव्हते. सर फिरोजशहा मेहतांसारख्या पुढाऱ्यांचा आक्षेपही हाच होता, की लोकांना विश्वासात घेतलेले नाही.

परिणाम असा झाला की मुंबई महापालिकेने आपली जुनी वेळ चालू ठेवली. एकाच शहरात दोन वेळा नांदू लागल्या. कोणी 'पाच वाजता या' म्हटले की 'मुंबई टाइम की स्टँडर्ड?' असे विचारणे भाग पडे. आपल्या पंचांगांत वेळेपुढे 'स्टँ. टा.' ही अक्षरे छापली जातात, ती त्या भांडणाची खूण. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५ ह्या काळात, सरकारने प्रमाणवेळही आणखी एक तास पुढे केली. तेव्हा सूर्य आणि सरकार ह्यांच्यात मुंबईपुरते १ तास ३९ मिनिटांचे अंतर पडले. कलकत्त्याने आपली वेळ १९४८ मध्ये सोडली आणि मुंबईने १९५० नंतरच्या काही वर्षांत. परक्यांनी लादलेली म्हणून जी वेळ चाळीसहून अधिक वर्षे नाकारली, तीच वेळ स्वराज्यात फारसा गाजावाजा न होता स्वीकारली गेली. सूर्य तोच, रेखांश तेच, मिनिटेही तीच. बदलला होता तो सांगणाऱ्याचा अधिकार. विज्ञानाची पुस्तके हा धडा सांगत नाहीत, पण विज्ञान लोकांपर्यंत न्यायचे असेल त्याने तो पाठ करावा.

दुसरे आणि तिसरे उदाहरण एकाच वसंत ऋतूतले, १९५७ सालचे आहे. त्या वर्षी २२ मार्चला भारत सरकारने राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू केली, आणि दहा दिवसांनी, १ एप्रिलला, दशमान नाणी. दोन्ही सुधारणा शास्त्रशुद्ध, दोन्हींच्या पाठीशी लोकांनी निवडलेले सरकार. एक सुधारणा प्रत्येकाच्या खिशात जाऊन बसली. दुसरी राजपत्राच्या कपाळावर आणि आकाशवाणीच्या निवेदनात राहिली. असे का व्हावे?

दिनदर्शिकेचे काम मोठ्या माणसाच्या हातचे होते. १९५२ साली नेमलेल्या समितीचे अध्यक्ष मेघनाद साहा, जगन्मान्य शास्त्रज्ञ. देशात तेव्हा सुमारे ३० पंचांगे वापरात असल्याचे समितीला आढळले. जुन्या निरयन गणिताची अडचण अशी की पृथ्वीचा आस संथपणे डोलतो, त्यामुळे ऋतू आणि राशी ह्यांची फारकत सुमारे ७२ वर्षांना एक अंश ह्या वेगाने वाढत जाते. मकरसंक्रांत आपण १४ जानेवारीच्या सुमारास करतो. सूर्य मात्र २२ डिसेंबरलाच उत्तरेकडे वळलेला असतो. महाराष्ट्राला हा वाद नवा नव्हता. केरोपंत छत्रे, शंकर बाळकृष्ण दीक्षित आणि लोकमान्य टिळक अशी माणसे त्यात उतरली होती. आणि टिळक पंचांग पाळणाऱ्यांचा अधिक महिना कधीकधी वेगळा आल्याने एकाच गल्लीत दोन दिवाळ्या महिन्याच्या अंतराने होतात, हे कित्येकांनी पाहिले असेल. साहा समितीने १९५५ मध्ये अहवाल दिला: वर्ष वसंतसंपाताच्या दुसऱ्या दिवशी सुरू करावे, वैशाख ते भाद्रपद हे महिने ३१ दिवसांचे, बाकीचे ३० चे, लीप वर्षी चैत्राला एक दिवस अधिक. योजना सुटसुटीत होती. ती अमलात आलेली पाहायला साहा राहिले नाहीत. १९५६ मध्ये त्यांचे निधन झाले.

पण समितीने नव्या महिन्यांना जुनीच नावे दिली. आपल्या घरात चैत्र आधीच होता, चंद्राचा, गुढीपाडव्याचा. आता २२ मार्चला सूर्याचा दुसरा चैत्र आला. पाडवा कधी मार्चात येतो, कधी एप्रिलात. २०२४ साली तो ९ एप्रिलला होता. म्हणजे २१ मार्चपासून तोवर सरकारचा शक १९४६ आणि घरच्या पंचांगाचा १९४५! एकाच नावाच्या दोन माणसांची पत्रे एकमेकांकडे जावीत तसा हा प्रकार. आणि ह्या घोटाळ्याच्या मोबदल्यात सामान्य माणसाला मिळणार काय होते? पगार इंग्रजी तारखेला, भाडे इंग्रजी तारखेला, रेल्वेचे आरक्षण इंग्रजी तारखेला. सण मात्र चंद्राच्या तिथीला. तिसऱ्या पंचांगाला करायला कामच उरले नव्हते.

उलट पैशाचे पाहा. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे किंवा १२ पै. म्हणजे रुपयाला ६४ पैसे आणि १९२ पै. ही कोष्टके पाठ करताना पिढ्यान्‌पिढ्यांच्या मुलांनी छड्या खाल्ल्या. १९५७ मध्ये रुपयाचे १०० नवे पैसे झाले. बदल सोपा नव्हता. आण्याचे सव्वासहा नवे पैसे होत, पण पाव पैशाचे नाणे नसल्याने कोष्टकात १ आण्याला ६, २ आण्यांना १२, ३ आण्यांना १९ आणि ४ आण्यांना २५ धरले होते. आता आण्याआण्याने चार वेळा खरेदी केली तर २४ पैसे लागत आणि एकदम केली तर २५. दुकानदार आणि गिऱ्हाईक ह्यांच्यात ह्या एका पैशावरून तंटे होणे अटळ होते. तरीही १ जून १९६४ पर्यंत नाणी इतकी अंगवळणी पडली की सरकारने पैशाच्या नावातला 'नवा' हा शब्द काढून टाकला. कारण एकच: बेरीज सोपी झाल्याचा लाभ रोजच्या रोज हातात पडत होता, आणि जुने नाणे वापरातून गेल्यावर नवे टाळण्याची सोयही नव्हती.

इथे मनुष्यस्वभावाची आणखी एक गंमत दिसते. माप बदलले तरी माणूस शब्द सोडत नाही. २५ पैशांचे नाणे २०११ साली बंद झाले, पण 'चार आण्याची अक्कल नाही' हे आपण अजून म्हणतो आणि 'सोळा आणे खरे' हेही म्हणतो. सराफाकडे तोळा मागतो. तो १० ग्रॅम मोजून देतो, आणि पूर्वीचा तोळा ११ ग्रॅमहून जास्त होता ह्याची कोणी चौकशी करीत नाही. विज्ञानाने माप जिंकले, भाषेने नाव राखले, दोघांचीही अब्रू राहिली. सुधारकाने असली तडजोड हिणवू नये. साहांच्या दिनदर्शिकेतही नावे जुनीच होती. पण तोळ्याच्या बाबतीत जुना तोळा बाजारातून गेला, आणि चैत्राच्या बाबतीत जुना चैत्र घरात ठाण मांडून बसला होता. एवढ्याशा फरकाने एक तडजोड तरली आणि दुसरी बुडाली.

ह्या जुन्या गोष्टी उगाळण्याचे कारण, प्रश्न संपलेला नाही. द्वारकेपासून अरुणाचलाच्या टोकापर्यंत सूर्याच्या वेळेत सुमारे दोन तासांचे अंतर आहे आणि घड्याळ एक. गुवाहाटीला जूनमध्ये साडेचारच्या सुमारास उजाडते, डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. कचेऱ्या आणि शाळा मात्र दिल्लीच्या घड्याळावर. आसामातल्या चहाच्या मळ्यांनी फार पूर्वीपासून एक तास पुढची 'बागान टाइम' ठेवून आपली सोय करून घेतली आहे. २०१८ साली दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी सुचवले की देशात दोन वेळा करता येतील; सीमा आसाम आणि पश्चिम बंगाल ह्यांच्यामध्ये ठेवली तर दोनच रेल्वे स्थानकांवर घड्याळे बदलावी लागतील. तो बदल झालेला नाही. देशाच्या एकीला बाधा येईल अशी भीती काहींना वाटते. आम्ही एवढेच विचारतो, की एकी घड्याळात असते काय? १९०६ मध्ये मुंबईच्या मजुराच्या पहाटेचा जो प्रश्न होता तोच आज गुवाहाटीच्या शाळकरी मुलाच्या संध्याकाळचा आहे. फरक इतकाच की आता हुकूम काढणारे परके नाहीत, आपणच आहोत. तेव्हा त्या मुलाला 'रेखांश शीक' म्हणून गप्प बसवण्याचा हक्क आपल्याला नाही.

कोणी म्हणेल, आता अणूंची घड्याळे आली, यंत्रेच वेळ सांगतात, माणसाच्या ठरावाला वाव कुठे राहिला? वाव पूर्वीइतकाच आहे. अणुघड्याळ बिनचूक, पण पृथ्वीच तितकी नियमित फिरत नाही. दोघांचा मेळ घालण्यासाठी १९७२ पासून २०१६ अखेरपर्यंत २७ वेळा जगाच्या वेळेत एकेक सेकंद घालावा लागला. शेवटचा सेकंद आपल्याकडे १ जानेवारी २०१७ च्या पहाटे साडेपाचच्या आत बसवला गेला, आणि बहुतेक लोक तेव्हा झोपलेले होते. संगणकांना हा जादा सेकंद पचत नाही, म्हणून २०२२ मध्ये राष्ट्रांच्या वजनमाप परिषदेने ही प्रथा २०३५ पर्यंत आवरती घ्यायचे ठरवले. घड्याळाने सूर्याची संगत किती ठेवायची हे अणूने ठरवले नाही. देशोदेशींच्या प्रतिनिधींनी सभा भरवून ठरवले.

अणूचे कंपन किती आणि पृथ्वीचा वेग किती हे विज्ञान सांगेल, कायदा राजकारण करील, यंत्र तो घरोघर पोहोचवील. पण त्यातून कोणाची पहाट कापली जाते हे विचारण्याचे काम नागरिकाचे आहे. त्याने ते सोडले की काट्यांवर राज्य करणारे पुष्कळ मिळतात. म्हणून पुढच्या वेळी सरकार एखादे माप, तारीख किंवा वेळ बदलायला निघेल तेव्हा 'हे शास्त्रीय आहे काय?' एवढे विचारून थांबू नका. 'ह्याने कोणाची सोय होते, कोणाची गैरसोय, आणि त्यांना विचारले आहे काय?' हेही विचारा.