लॉक आधी इशारा देते : व्यापाऱ्याची गाडी आणि तिच्या किल्ल्या

रमजानचे शेवटचे दहा दिवस म्हणजे कापडवाल्याची सुगी. वर्षाचा हिशेब या दहा दिवसांत बसतो किंवा विस्कटतो. काही वर्षांपूर्वी अशाच दिवसांत आमची ओम्नी व्हॅन रविवार पेठेत माल भरून उभी होती. आत सुरतेचे ड्रेस मटेरियल होते आणि ते असरच्या आधी कोंढव्यात पोचवण्याचा वायदा होता. मी ड्रायव्हरच्या दरवाजाला किल्ली लावली. ती फिरेना. जरा जोर लावला, तर किल्लीचे डोके हातात आले आणि पाते लॉकमध्येच राहिले!

दुसरी किल्ली? ती दोन वर्षांपूर्वी हरवली होती आणि "करू सावकाश" म्हणून तशीच राहिली होती. गाडी सुरूही याच किल्लीने होत असे. किल्ली बनवणारा शोधायला आणि त्याला गर्दीतून आणायला दोन तास गेले. त्याचे काम मात्र चाळीस मिनिटांत झाले. तोवर कोंढव्याच्या गिऱ्हाइकाने दुसरीकडून माल उचलला होता. आमचा माल परत आला, आणि ते गिऱ्हाईकही पुढे तुटले.

त्या कारागिराने तुटलेले पाते बाहेर काढून माझ्यासमोर धरले. त्यावर काळा चिकट चिखल होता आणि त्यात कापसाचे तंतू होते. तो म्हणाला, "चाचा, लॉकमध्ये शिलाई मशीनचे तेल घालता ना? गेले सहा महिने किल्ली हलवून हलवून फिरवावी लागत असेल. लॉक तुम्हाला सांगत होते, तुम्ही ऐकले नाही."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. म्हणूनच हा विषय व्यापारी आणि कारागीर बांधवांसमोर मांडावासा वाटला. गाडीचे लॉक अचानक बिघडत नाही. ते आधी इशारा देते. तो इशारा कसा ओळखायचा आणि त्यावर काय करायचे, एवढेच येथे सांगायचे आहे.

तेल नको, पेन्सिल घ्या

दरवाजाच्या लॉकच्या आत पितळेच्या लहान पातळ पत्त्या असतात आणि प्रत्येक पत्तीमागे केसासारखी बारीक स्प्रिंग असते. योग्य किल्ली आत गेली की तिच्या खाचांमुळे सर्व पत्त्या एका रेषेत येतात आणि लॉक फिरते. एखादी पत्ती धुळीने किंवा चिकटपणाने अडकली, तर किल्ली खरी असूनही लॉक तिला ओळखत नाही. मग आपण जोर लावतो. तेथेच किल्ली पिळते, आणि एके दिवशी तुटते.

तेल घातले की पहिले आठ दिवस लॉक लोण्यासारखे फिरते. पण तेल धूळ धरून ठेवते. पुण्याच्या रस्त्यावरची धूळ आणि आमच्यासारख्यांच्या गाडीतला कापडाचा भुगा मिळून आत लगदा तयार होतो. लॉकसाठी कोरडे वंगण हवे, म्हणजे ग्रॅफाइटची पूड. ही पूड हार्डवेअरच्या दुकानात मिळते, आणि हार्डवेअर म्हटले की पुणेकरांना बोहरी आळी सांगायला नको. पूड नसेल तर मऊ शिशाची पेन्सिल किल्लीच्या दोन्ही बाजूंना घासावी आणि किल्ली सात-आठ वेळा आतबाहेर करावी. पेन्सिलचे शिसे म्हणजे ग्रॅफाइटच.

लॉकमध्ये पूर्वी तेल घातलेले असेल, तर आधी ते धुऊन काढावे, कारण तेल आणि ग्रॅफाइट एकत्र आले तर आणखी घट्ट लगदा होतो. धुण्यासाठी डब्ल्यूडी-४० सारखा फवारा चालतो. हा फवारा अमेरिकेत १९५३ साली तयार झाला. त्याच्या नावाचा अर्थच 'पाणी हटवणारे, चाळिसावा प्रयत्न' असा आहे. म्हणजे ओल हटवणे आणि मळ सोडवणे हे त्याचे खरे काम आहे, कायमचे वंगण होणे नव्हे. फवारा मारावा, किल्ली आतबाहेर करून दर वेळी फडक्याने पुसावी, एक दिवस वाळू द्यावे आणि मगच ग्रॅफाइट घालावे.

बिघाड नेमका कोठे आहे?

दरवाजा अडकला की आपण सरसकट 'लॉक गेले' म्हणतो आणि नवा लॉकसेट बसवून घेतो. खरे तर दरवाजात तीन वेगळ्या जागा आहेत. किल्ली जाते ते लॉक, आतल्या सळया आणि त्यांच्या प्लॅस्टिकच्या क्लिपा, आणि दरवाजाच्या कडेला असलेला लॅच. मेकॅनिककडे जाण्यापूर्वी एवढे पाहावे :

किल्ली आत जात नाही किंवा फिरत नाही, तर दोष लॉकमध्ये किंवा झिजलेल्या किल्लीत आहे. किल्ली सहज फिरते पण दरवाजा उघडत नाही, तर आतली सळई सुटली आहे किंवा क्लिप तुटली आहे. ही क्लिप अगदी किरकोळ किमतीची असते.

दरवाजा आपटल्याशिवाय लागत नसेल, तर दरवाजा उघडा ठेवून स्क्रू-ड्रायव्हरने लॅच बंद करून पाहावा आणि हँडल ओढावे. उघड्या दरवाजात लॅच नीट चालतो पण बंद दरवाजात अडतो, याचा अर्थ लॅच चांगला आहे. बिजागरी लोंबली आहे किंवा चौकटीवरचा स्ट्रायकर, म्हणजे लॅच ज्यात अडकतो तो खिळा, सरकला आहे. स्ट्रायकरचे स्क्रू सैल करून तो किंचित सरकवला की काम होते. माल भरताना दरवाजावर भार देणाऱ्या आमच्या धंद्यात हा दोष नेहमीचा आहे. लॅच आणि बिजागरीला मात्र ग्रीस हवे, तेथे ग्रॅफाइटचे काम नाही.

मोटारीचा मागचा दरवाजा बाहेरून उघडतो पण आतून उघडत नाही, तर खिसा सोडण्याआधी दरवाजाच्या कडेचा लहान मुलांसाठीचा खटका पाहावा. सफाई करताना तो नकळत दाबला जातो.

इग्निशनमध्ये किल्ली फिरत नसेल, तर बहुधा स्टिअरिंगचे लॉक ताणले गेलेले असते. एका हाताने स्टिअरिंग हळूच डावी-उजवीकडे हलवत दुसऱ्या हाताने किल्ली फिरवावी. पक्कड कधीही लावू नये.

पावसाळ्याचा हिशेब वेगळा आहे. काचेच्या रबरातून थोडे पाणी दरवाजाच्या आत उतरतेच. ते बाहेर जावे म्हणून दरवाजाच्या तळाशी छिद्रे ठेवलेली असतात. ती चिखलाने बुजली की पाणी आत साचते आणि सळया, लॅच, पत्रा सर्व गंजतात. जूनपूर्वी एखाद्या तारेने ही छिद्रे मोकळी करावीत.

किल्लीवरून किल्ली

किल्ली वापराने झिजते. त्या झिजलेल्या किल्लीवरून दुसरी कापली, तर मशीन झीजही जशीच्या तशी उतरवते. त्या दुसरीवरून तिसरी केली, तर फरक आणखी वाढतो. मग मालक म्हणतो, "लॉक खराब आहे." नक्कल नेहमी मूळ किल्लीवरून करावी, म्हणून एक मूळ किल्ली न वापरता घरी ठेवावी आणि रोजच्या वापराला नक्कल ठेवावी. नव्या गाडीच्या किल्ल्यांसोबत पुष्कळदा नंबराची पट्टी येते. आपण ती कागदपत्रांच्या पिशवीसह हरवतो. त्या नंबरावरून किल्ली नव्या मापाने कापता येते. तो नंबर खातेवहीत उतरवून ठेवावा, किल्लीच्या जुडग्याला लटकवू नये.

किल्ली लॉकमध्ये तुटली तर दुसरी किल्ली आत ढकलू नये आणि चिकटवण्याचा गोंद लावू नये. हातातला तुकडा जपून ठेवावा. कसबी कारागीर दोन तुकडे जुळवून नवी किल्ली कापतो.

चिपची किल्ली

नव्या बहुतेक मोटारींच्या किल्लीच्या डोक्यात लहान चिप असते. तिला बॅटरी लागत नाही. इग्निशनभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून तिला शक्ती मिळते, ती आपला सांकेतिक क्रमांक सांगते, आणि तो जुळला तरच इंजिन चालू राहते. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना अशी यंत्रणा सक्तीची झाली. आपल्याकडे ती हळूहळू आली.

म्हणून नुसते पाते कापून घेतले तर दरवाजा उघडेल, पण गाडी चालू होणार नाही. चिपची नोंद गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये करावी लागते. एक किल्ली शिल्लक असताना दुसरी करणे सोपे आणि स्वस्त पडते. सगळ्या हरवल्यावर तेच काम हजारो रुपयांत जाते आणि गाडी उभी राहते ती वेगळीच. हरवलेल्या किल्लीची नोंद कॉम्प्युटरमधून पुसूनही घेता येते, ते जरूर करावे.

रिमोटचे बटण चालत नसेल तर आधी आतला सेल बदलावा. पुष्कळ रिमोटमध्ये सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल असतो. बटणावर सुरू होणाऱ्या मोटारीच्या रिमोटच्या पोटात बहुधा एक साधी किल्लीही लपवलेली असते. ती कशी काढायची हे गरज पडण्याआधी घरच्या सर्वांनी शिकून घ्यावे.

विम्याचा मुद्दा

गाडी चोरीला गेल्यास विमा कंपनी सर्व मूळ किल्ल्या मागते. एक कमी असेल तर प्रश्न सुरू होतात. म्हणून किल्ली हरवली की पोलिसांकडे हरवल्याची नोंद करावी, तिची प्रत जपावी आणि कंपनीला लेखी कळवावे.

ड्रायव्हर "दोन मिनिटांत आलो" म्हणून किल्ली गाडीतच ठेवतो, तेही महाग पडते. एका ट्रकचा ड्रायव्हर पत्ता विचारायला खाली उतरला, किल्ली इग्निशनमध्येच राहिली आणि ट्रक चोरीस गेला. विमा कंपनीने दावा नाकारला. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि २०२३ साली मालकाला ७५ टक्के रक्कम देण्याचा निकाल लागला. निकाल मालकाच्या बाजूचा, पण चौथा हिस्सा गेला आणि कोर्टाची वर्षे गेली ती निराळीच.

कारागीर बांधवांना

कुलूप-किल्लीचे हुनर आपल्या कारागिरांना नवे नाही. अलीगढमध्ये १८७० साली जॉन्सन आणि कंपनीने विलायती कुलपे आणून विकायला सुरुवात केली आणि १८९० मध्ये तेथेच कुलपे बनू लागली. पुढे ते शहरच कुलपांच्या नावाने ओळखले जाऊ लागले आणि हजारो मुस्लिम कारागिरांचे घर त्यावर चालले. बाहेरून आलेली वस्तू शिकून आपलीशी केली, म्हणून हे घडले.

आज कानशीवर चालणाऱ्या किल्लीवाल्यासमोर चिप उभी आहे. चिपचे यंत्र महाग आहे हे खरे, पण दोघा-तिघांनी भागीत घेतले तर आवाक्यात येते. नाना पेठेसारख्या स्पेअर पार्टच्या बाजाराजवळ बसणाऱ्याला कामाची कमी नाही. ज्या तरुणाला मोबाइल दुरुस्ती येते त्याला हे अवघड नाही. वडिलांची कानस आणि मुलाचे यंत्र एका दुकानात आले, तर गिऱ्हाइकाला दुसरीकडे जावे लागणार नाही.

मात्र या धंद्याची खरी पुंजी यंत्र नाही, विश्वास आहे. गाडीचे कागद आणि मालकाची ओळख पाहिल्याशिवाय किल्ली करू नये. साबणावरच्या किंवा मेणावरच्या ठशावरून तर कधीच करू नये, दाम कितीही मिळो. कोणासाठी, कोणत्या नंबराच्या गाडीची किल्ली केली याची नोंदवही ठेवावी. उद्या चोरी झाली आणि पोलीस दारात आले, तर ती वहीच तुमची साक्षीदार. दुसऱ्याची किल्ली म्हणजे आपल्या हातातली अमानत आहे.

आणि आम्ही व्यापाऱ्यांनी? माझ्या दुकानात आता दर तीन महिन्यांनी गाडीच्या लॉकना ग्रॅफाइट घातले जाते. शिलाई मशीनचे तेल शिलाई मशीनलाच जाते. मूळ किल्ली घरच्या कपाटात असते आणि तिचा नंबर खातेवहीच्या पहिल्या पानावर. या सर्वाला लागतो अर्धा तास आणि चहापाण्याएवढा खर्च. तुटलेल्या किल्लीचे ते दोन तुकडे मी अजून गल्ल्यात ठेवले आहेत. किल्ली अडखळू लागली आणि "पाहू ईदनंतर" असे मनात आले, की ते दिसतात आणि मी त्याच दिवशी काम करून घेतो.