पिंजऱ्यातला मुडदूस

बालरोगतज्ज्ञाकडे पालक मुलांचे ताप-खोकले घेऊन येतात, तसेच मुलांचे हट्टही घेऊन येतात. कुत्रा, मांजर, पोपट, काचेच्या हंडीतले मासे हे हट्ट आपल्या परिचयाचे आहेत. गेल्या काही वर्षांत त्यांत एका नव्या पाहुण्याची भर पडली आहे. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर रंग बदलणारा, दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा शॅमेलिऑन मुले पाहतात आणि "आपल्याकडे आणू या" म्हणतात. पालकांना काळजी असते ती एवढीच, की हा चावतो का आणि विषारी असतो का. विषारी तो मुळीच नाही. चावला तरी कातडीला ओरखडा उठतो, त्यापलीकडे काही होत नाही. विचारायला हवेत ते प्रश्न मात्र निराळेच आहेत.

प्रथम नावाचा घोळ मिटवू. आपल्या अंगणातल्या कुंपणावर मान वरखाली करणारा, विणीच्या काळात गळ्याशी लाल होणारा, तो सरडा. म्हणीतली धाव कुंपणापर्यंत ज्याची असते, तो हाच. तो शॅमेलिऑन नव्हे. खरा शॅमेलिऑन म्हणजे मराठीतला घोयरा सरडा. तो धावतच नाही. वाऱ्याने पान हलावे तसा झुलत झुलत एकेक पाऊल टाकतो. त्याची बोटे चिमट्यासारखी दोन गटांत विभागलेली, पुढच्या पायाला आत तीन व बाहेर दोन, मागच्याला नेमके उलट. शेपूट फांदीला वेटोळे घालते. जिभेची लांबी शरीराएवढी किंवा त्याहूनही अधिक. भारतात या कुळातली एकच जात आढळते आणि गुजरातच्या कोरड्या झाडीतही तिचे वास्तव्य आहे. जगातील दोनशेंहून अधिक जातींपैकी जवळजवळ निम्म्या एकट्या मादागास्कर बेटावर आहेत.

रंगाविषयी थोडेच सांगतो. ज्या पार्श्वभूमीवर ठेवावे तिचा रंग तो घेतो, ही समजूत चुकीची आहे. राजकारण्यांना आपण सरड्याची उपमा देतो, त्यात सरड्यावर अन्याय होतो. २०१५ मध्ये जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले, की त्याच्या त्वचेतील पेशींमध्ये ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. त्यांच्यामधले अंतर कमीजास्त झाले, की परावर्तित होणारा रंग बदलतो. हे बदल तापमान, भीती, राग, मादीचा शोध यांनुसार घडतात. पाळणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच, की दिवसभर काळपट राहणारा प्राणी एक तर गारठलेला असतो, नाही तर भेदरलेला.

आता कायदा. आपल्या रानातला घोयरा सरडा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहे. त्याला पकडणे, विकणे, विकत घेणे, घरात ठेवणे हे सारे गुन्हे आहेत आणि "आम्ही जीव लावून सांभाळतो" हा त्यावर बचाव होऊ शकत नाही. बाजारात येतात ते बहुधा परदेशी, मुख्यत्वे येमेन व नैर्ऋत्य सौदी अरबस्तानातला डोक्यावर उंच शिरस्त्राण असणारा 'व्हेल्ड' आणि मादागास्करचा 'पँथर'. त्यांचा व्यापार आंतरराष्ट्रीय कराराने नियंत्रित आहे. २०२२ च्या दुरुस्तीने हा करार आपल्या अधिनियमात आला. २०२४ मध्ये केंद्र सरकारने केलेल्या नियमांनुसार असा प्राणी ताब्यात असेल तर त्याची नोंदणी करावी लागते, तसेच पुढचे हस्तांतर, जन्म, मृत्यू हेही कळवावे लागतात. विक्रेता कागदपत्रे देत नसेल, तर व्यवहार तेथेच थांबवावा.

समजा, कागदपत्रे रीतसर आहेत. तरी प्रश्न उरतो तो घराचा. हा प्राणी दुकानात बहुधा काचेच्या पेटीत दिसतो आणि पालक तीच पेटी घरी आणतात. त्याच्यासाठी याहून गैरसोयीचे घर नाही. काचेत हवा कोंडते, ओल साचते, श्वसनमार्गाचा संसर्ग होतो. शिवाय काचेत स्वतःचे प्रतिबिंब दिसले, की दुसरा शॅमेलिऑन आला असे समजून तो सतत तणावाखाली राहतो. हा मुळात एकांतप्रिय जीव. "जोडीला आणखी एक आणू" हा विचार माणसाच्या मायेचा असला तरी त्याच्या हिताचा नाही. पूर्ण वाढलेल्या व्हेल्ड जातीच्या प्राण्याला सुमारे ६० सेंटिमीटर लांब, ६० रुंद आणि १२० उंच अशी जाळीची उभी खोली हवी. उंची महत्त्वाची, कारण तो झाडावरचा रहिवासी आहे आणि माणसांच्या डोळ्यांहून खाली राहणे त्याला भयप्रद वाटते. आत आडव्यातिडव्या फांद्या आणि लपण्याइतकी दाट पाने असावीत. जास्वंद आणि मनी प्लांट ही आपल्याकडे सहज मिळणारी झाडे चालतात. जास्वंदीची पाने-फुले तर व्हेल्ड जात आवडीने खाते. कण्हेर मात्र विषारी, ती कदापि नको. रोपवाटिकेतून आणलेल्या झाडावर कीटकनाशकाची फवारणी असते, म्हणून ते काही आठवडे बाहेर ठेवून, वारंवार धुऊन मगच आत न्यावे.

येथपर्यंतचे सुताराला सांगून जमेल. खरी अडचण प्रकाशाची आहे, आणि येथे बालरोगतज्ज्ञाला आपलाच विषय भेटतो.

पाणीगेटच्या आतल्या जुन्या वस्तीत भिंतीला भिंत लागून घरे उभी आहेत. अशा वस्तीत खालच्या मजल्यावर ऊन अंगावर पडणे दुर्मीळ. जगभरच्या दाट शहरी वस्त्यांतून मुलांमध्ये मुडदूस का दिसतो, हे वैद्यक वाचकांना सांगावयास नको. त्वचेतील सात-डीहायड्रोकोलेस्टेरॉलवर अतिनील किरणांचा 'बी' पट्टा, साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर, पडल्याशिवाय ड जीवनसत्त्व तयार होत नाही. ते नसेल तर आतड्यातून कॅल्शियम शोषले जात नाही आणि हाडे मऊ राहतात. शॅमेलिऑनच्या बाबतीत हीच साखळी जशीच्या तशी लागू पडते. फरक असलाच तर एवढा, की मूल कधीतरी अंगणात पळते. हा मात्र आपण ठेवू तेथेच राहतो.

खिडकीशी पिंजरा ठेवला, भरपूर उजेड आहे, असे पालक समाधानाने सांगतात. खिडकीची काच उजेड आत सोडते आणि नेमका 'बी' पट्टा अडवते. काचेमागचे ऊन बाळाच्या हाडांना जेवढे निरुपयोगी, तेवढेच याच्याही. साध्या दिव्याची ऊब मिळते, किरण मिळत नाहीत. त्यासाठी सरपटणाऱ्या प्राण्यांकरिता बनवलेली खास अतिनील नळी लागते. ती पिंजऱ्याच्या वर, बसण्याच्या सर्वांत उंच फांदीपासून साधारण वीस-तीस सेंटिमीटरवर असावी आणि रोज बारा तास चालू ठेवावी. मध्ये काच वा प्लॅस्टिक नको. ही नळी फसवी असते: सहा महिने ते वर्षभरात तिचे अतिनील किरण घटत जातात, पण डोळ्यांना ती पूर्वीसारखीच लख्ख दिसते. म्हणून बसवल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवावी व मुदत भरली, की बदलावी. १९१९ मध्ये बर्लिनच्या कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांना पाऱ्याच्या दिव्याखाली बसवून बरे केले होते. शंभर वर्षांनी तोच उपचार आपण दिवाणखान्यातल्या सरड्यावर करीत आहोत.

ही काळजी घेतली गेली नाही, तर जे चित्र दिसते ते पाहून कोणाही बालरोगतज्ज्ञाला निदान सुचावे. पाय धनुष्यासारखे वाकतात, कोपरे फुगतात, खालचा जबडा दाबला तर रबरासारखा लवतो. जीभ नेम धरून बाहेर पडत नाही, म्हणून भक्ष्य सुटते. घरची मंडळी म्हणतात, "हल्ली खात नाही". फांदीवरची पकड सैल होते, प्राणी पडतो, हाड मोडते. पुढे कॅल्शियम आणखी घटले, की हातपाय थरथरतात आणि झटके येतात. वाकलेले हाड सरळ होत नाही. वाढ थांबवता येते, विकृती राहते. लहान मुलाला चालताना पाहून आई सांगते तरी. याच्या बाबतीत सांगणारे कोणी नाही, आणि दुर्बलता लपवणे हा तर रानातल्या जीवांचा स्वभावच.

आहाराचाही येथेच संबंध येतो. रातकिडे हे त्याचे मुख्य अन्न. पण त्यांत कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस कित्येक पट अधिक असतो. म्हणून किड्यांना आधी एक दिवस हिरवा पाला, गाजर खाऊ घालावे आणि देताना फॉस्फरसविरहित कॅल्शियमच्या भुकटीत घोळवावे. ड व अ जीवनसत्त्वयुक्त भुकटी मात्र महिन्यातून दोनदाच. डॉक्टरांच्या घरात धोका उलट्या बाजूने असतो, हे येथे मुद्दाम नोंदवतो. कपाटात मुलांचे थेंब आणि साठ हजार युनिटांच्या पुड्या असतात, आणि "थोडे जास्त गेले तर काय बिघडते" ही वृत्ती असते. शंभर-दीडशे ग्रॅम वजनाच्या प्राण्याला त्या मात्रेने काय होईल, याचा हिशेब करून पाहावा. शेतातले वा अंगणातले किडे पकडून घालू नयेत, त्यांच्यात कीटकनाशके असू शकतात.

पाण्याची गंमत अशी, की वाटीतले स्थिर पाणी त्याला पाणी म्हणून ओळखूच येत नाही. पानांवरून ओघळणारे थेंब तो चाटतो. सकाळ-संध्याकाळ बारीक फवारा, शिवाय वरून थेंब थेंब गळणारे भांडे हवे. सलाइनच्या जुन्या संचाचा असा सदुपयोग करता येतो. आमच्या जलसंजीवनीच्या वर्गात शिकवलेली लक्षणे येथेही खरी ठरतात: डोळे खोल गेले, की शरीरातले पाणी कमी झाले आहे. विष्ठेबरोबरचा पांढरा भाग पिवळा वा नारिंगी झाला, की तीच सूचना. बडोद्याच्या उन्हाळ्यात हे फार झपाट्याने घडते. व्हेल्ड जातीला ऊब घेण्याच्या फांदीवर ३० ते ३५ अंश आणि बाकी पिंजऱ्यात २२ ते २७ अंश पुरतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळीसच्या पुढे जातो. तेव्हा दिवा विझवून खोली थंड ठेवावी लागते, आणि जानेवारीच्या रात्री उलट ऊब सांभाळावी लागते. हिवाळ्यातले सकाळचे ऊन गच्चीवर द्यावे, जाळीच्या पिंजऱ्यात, अर्ध्या भागावर सावली धरून, आणि कोणीतरी जवळ बसून. कावळा आणि मांजर दोघेही टपलेले असतात. काचेची पेटी मात्र क्षणभरही उन्हात ठेवू नये.

मादी असेल तर नराशिवायही ती अंडी धरते, व्हेल्ड जातीत एका वेळी पन्नाससुद्धा. पुरण्यासाठी फूटभर खोल ओलसर वाळू-माती मिळाली नाही, तर अंडी पोटातच अडकतात आणि मादी दगावते. दुकानदार हे सांगत नाही.

आता घरातल्या माणसांविषयी, कारण शेवटी आपला रुग्ण मूल आहे. सरपटणारे प्राणी निरोगी दिसत असतानाही त्यांच्या आतड्यांत साल्मोनेला जंतू असू शकतात आणि ते अधूनमधून विष्ठेतून बाहेर पडतात. एकदा तपासणी नकारात्मक आली म्हणजे प्राणी निर्धोक ठरत नाही. प्रतिजैविके देऊन त्याला 'शुद्ध' करण्याचा प्रयत्न केला, तर जंतू जात नाहीत, प्रतिकारक्षम मात्र होतात. मोठ्या माणसाला यातून जुलाब होतील. तान्ह्या बाळात हाच जंतू रक्तात आणि तेथून मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचू शकतो. बाळाने प्राण्याला हात लावायलाच हवा असेही नाही. पिंजरा साफ करणाऱ्याचे हात, कपडे, फरशी एवढे पुरते. अमेरिकेत मुले छोटी कासवे हाताळत, तोंडात घालत. त्यातून आजार पसरल्यामुळे १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर तेथे बंदी आहे. तेव्हा माझा सल्ला स्पष्ट असतो: घरात पाच वर्षांखालचे मूल, गर्भवती, पासष्टीपुढचे आजी-आजोबा किंवा केमोथेरपी वा स्टेरॉइड चालू असलेले कोणी असेल, तर हा पाहुणा आणू नये. आपल्या एकत्र कुटुंबांत यांपैकी कोणीच नाही असे घर क्वचितच सापडते. आधीच आणला असेल, तर पिंजऱ्याची भांडी स्वयंपाकघरातल्या मोरीत धुऊ नयेत, आणि जुलाब-तापाचे मूल दवाखान्यात आणताना ही माहिती डॉक्टरांना आपण होऊन द्यावी. डॉक्टर मित्रांनीही अशा मुलाच्या इतिहासात "घरात कोणता प्राणी आहे?" हा प्रश्न घालावा.

मोठ्या मुलाचा हट्ट खरोखर जिज्ञासेचा असेल, तर त्याला मोकळ्या रानातला प्राणी दाखवता येतो. बडोदेकरांना सरपटणाऱ्यांच्या शेजाराची सवय आहेच. विश्वामित्रीच्या मगरी शहराच्या मध्यात राहतात, ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्या वस्तीतही आल्या, तरी त्यांना घरी बांधून ठेवावे असे कोणास वाटत नाही. भागवताच्या दशम स्कंधात द्वारकेजवळ खेळणारी यादवांची मुले कोरड्या विहिरीत पडलेला प्रचंड सरडा पाहतात, त्याला दोरांनी ओढून काढू पाहतात, आणि जमेना तेव्हा श्रीकृष्णाला बोलावतात. तो निघतो नृगराजा. मुलांनी त्याला पाळायचे ठरवले नव्हते, बाहेर काढायचे ठरवले होते.

पावसाळ्याच्या आसपास घोयरा सरड्याची मादी अंडी घालण्यासाठी जमिनीवर उतरते आणि तिच्या त्या संथ चालीने रस्ता ओलांडते. शहराबाहेर अजव्याच्या वाटेवर अशी एखादी दिसली, तर वाहने थांबवून तिला एका काठीवर चढू द्यावे व ज्या दिशेला ती निघाली होती, त्याच बाजूच्या झुडपावर सोडावे. जखमी असेल तर हवा खेळणाऱ्या खोक्यात, आत एक फांदी ठेवून, वन विभागाकडे पोहोचवावी. पाणी तोंडात ओतू नये. आणि मुलांसह सर्वांनी हात साबणाने धुवावेत.