भूकंपानंतरचें क्राइस्टचर्च

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील क्राइस्टचर्च शहरीं जाणाऱ्या पाहुण्याच्या नजरेंत प्रथम भरतात त्या तेथील रिकाम्या जागा. काचेच्या नव्या इमारतीला लागून खडी पसरलेलें पटांगण, त्यांत उभ्या मोटारी, आणि पलीकडे पुनः नवी इमारत. मोठा भूकंप होऊन एका तपाहून अधिक काळ लोटला. देश सधन, राज्यकारभार व्यवस्थित, बहुतेक मालमत्तेचा विमाही उतरलेला. असें असतां शहर उभें राहण्यास इतका विलंब कां लागावा, असा प्रश्न साहजिकच मनांत येतो.

४ सप्टेंबर २०१० रोजीं पहाटें ७.१ मापाचा भूकंप झाला. त्याचें केंद्र सुमारें ४० किलोमीटर दूर होतें व वेळ निजेची होती; पडझड पुष्कळ झाली, परंतु ढिगाऱ्याखालीं सापडून कोणी दगावलें नाहीं. पुढें २२ फेब्रुवारी २०११ रोजीं दुपारीं १२ वाजून ५१ मिनिटांनीं दुसरा भूकंप झाला. त्याचें माप ६.३, म्हणजे आंकड्यानें लहान. पण तो शहराच्या अगदीं उशाशीं आणि जमिनीखालीं जेमतेम ५ किलोमीटरांवर उद्भवला. १८५ माणसें मृत्युमुखीं पडलीं. माप हें भूकंपाच्या एकंदर शक्तीचें असतें. आपल्या पायांखालची जमीन किती हादरेल, हें अंतर, खोली व माती ह्यांवर अवलंबून असतें. किल्लारीचा १९९३ चा भूकंपही जवळजवळ एवढ्याच मापाचा होता आणि तेथें कित्येक हजार माणसें गेलीं, हें महाराष्ट्राला निराळें सांगावयास नको.

ह्या १८५ पैकीं ११५ जण एकाच इमारतींत गेले. स्थानिक दूरचित्रवाणीची कचेरी असलेल्या ह्या सहा मजली इमारतींत इंग्रजी शिकविणारी एक शाळा होती. तेथें परदेशचे, त्यांतही बरेच जपानचे, विद्यार्थी होते. पुढें रॉयल कमिशनानें चौकशी केली व इमारतीचा आराखडाच सदोष होता, तिला बांधकामाची परवानगी मिळावयासच नको होती, असा निर्णय दिला. अशी इमारत कोसळल्यावर उभ्या राहिलेल्या इमारतींवर तरी कोणी विश्वास ठेवावा? मध्यवस्तीला कुंपण घालण्यांत आलें, तें पुरतें निघावयास जून २०१३ उजाडला. एकेक इमारत तपासून शेंकडों इमारती पाडाव्या लागल्या. मध्यवस्तीचा मोठा भाग भूकंपाच्या क्षणीं पडला नव्हता. तो मागाहून माणसांनीं विचार करून पाडला.

दुसरें कारण जमिनीचें. शहर वसलें तेंच नदीच्या गाळावर व पाणथळ भूमीवर. समुद्रकिनारीं ओल्या वाळूवर पाय थापटीत राहिलें म्हणजे ती पातळ होऊन पाय आंत जातो, हा अनुभव कोंकणांतील प्रत्येक मुलाला असतो. क्राइस्टचर्चच्या पूर्व भागांत तेंच झालें, पण सबंध वस्तीच्या मापानें. हादऱ्यानें वाळूचे कण सुटे झाले, त्यांमधलें पाणी दाबानें वर उसळलें आणि राखाडी चिखलानें आंगणें भरलीं. विद्यार्थ्यांनीं फावडीं घेऊन तो उपसला. पण चिखल उपसून जमीन पक्की होत नाहीं. अखेर सरकारनें सुमारें ८००० मालमत्तांचा भाग वस्तीस अयोग्य ठरविला, बहुतेक घरें विकत घेतलीं व पाडलीं. एव्हन नदीकाठीं आज तेथें गवत आहे. घरें गेलीं, परंतु परसांतलीं फळझाडें कित्येक ठिकाणीं तशींच राखलीं. झाडांच्या रांगेवरून कोणाचें कुंपण कोठवर होतें हें अजून ओळखतां येतें.

विम्याची गोष्ट मात्र विलक्षण. त्यामुळें पैसा आला हें खरें. पण दुरुस्ती करावी कीं नवें बांधावें, भेग पहिल्या धक्क्याची कीं दुसऱ्या, हा वाद घरागणिक निराळा, आणि त्यांत लोकांचीं वर्षें गेलीं.

बांधलें तें चांगलें बांधलें, हेंही सांगितलें पाहिजे. २०१८ सालीं उघडलेल्या तूरांगा ह्या ग्रंथालयाच्या भिंती भूकंपांत किंचित् डोलून पुनः जागेवर याव्या, अशी योजना आहे. न मोडतां हलणें, हें तत्त्व तेथील स्थपतींनीं आतां अंगीं बाणविलें आहे.

सर्वांत लांबला तो मुख्य चौकांतील कॅथीड्रलचा प्रश्न. भूकंपांत त्याचा मनोरा पडला. चर्चच्या अधिकाऱ्यांनीं २०१२ सालीं वास्तु उतरवावयाचें ठरविलें. जुन्या वास्तूंचे अभिमानी न्यायालयांत गेले. एका पक्षास देवाचें कार्य दगडांपेक्षां मोठें वाटे, दुसऱ्यास तो दगड म्हणजेच शहराची ओळख. आणि दोघांचेंही म्हणणें टाकाऊ नव्हतें. वास्तु पूर्ववत् करावी, हा ठराव सप्टेंबर २०१७ मध्यें झाला. दरम्यान शिगेरु बान ह्या जपानी वास्तुशिल्पज्ञानें मोबदला न घेतां जाड पुठ्ठ्याच्या नळ्यांचें एक तात्पुरतें चर्च रचून दिलें. सुमारें ७०० माणसें बसतील एवढें तें २०१३ सालीं उघडलें. मूळ कॅथीड्रलचें काम ऑगस्ट २०२४ मध्यें पैशांअभावीं थांबविण्याचें ठरलें, त्या वेळींही उपासना पुठ्ठ्याच्या चर्चमध्येंच चालू होती.