कोणी पाहत नसताना बोललेली इंग्रजी

घाटकोपर किंवा मुलुंडच्या बाजारपेठेत एखाद्या दुकानाच्या गल्ल्याशी तासभर थांबले, की तीन भाषा सहज कानांवर पडतात. घरच्या माणसाशी गुजराती, कच्छी वा मारवाडी, गिऱ्हाइकाशी मराठी, हमालाशी हिंदी. दुकानात आलेल्या या भाषांचे व्याकरण कोणी पाठ केलेले नसते. वडिलांनी मुलाला सुट्टीत गल्ल्यावर बसवले, समोर माणूस आला, हातात माल होता, भावाची घासाघीस झाली आणि भाषा आली.

इंग्रजी मात्र याच घरांत निराळ्या वाटेने शिरली. ती कागदावरून आली. शाळेच्या वहीतून, तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतून, बिलांतून आणि बँकेच्या अर्जांतून. म्हणूनच लेटर ऑफ क्रेडिटमधील प्रत्येक अट नेमकी जाणणारा निर्यातदार परदेशी खरेदीदार समोर येताच मुलाला पुढे करतो. हळूहळू खरेदीदार मुलाशीच बोलू लागतो, आणि ज्याने पेढी उभारली तो आपल्याच सौद्यात श्रोता होऊन बसतो. अमेरिकेत नातवंडांकडे गेलेल्या आजीची अवस्था याहून वेगळी नसते. नातवंडांचे बोलणे तिला बरेचसे कळते. उत्तर ओठांशी येऊन थांबते.

2012 साली आलेला ‘इंग्लिश विंग्लिश’ हा चित्रपट बहुतेक घरांत पाहिला गेला आहे. त्यातील शशी गोडबोले ही पुण्याची गृहिणी, लाडू करून विकणारी. न्यूयॉर्कच्या एका कॅफेत ती एकटीच जाते. काउंटरवरची मुलगी प्रश्नामागून प्रश्न विचारते, मागे रांग ताटकळते, शशी गोंधळते, धडपडते आणि रडत बाहेर पडते. दिग्दर्शिका गौरी शिंदे यांना ही कथा स्वतःच्या आईवरून सुचली. त्या पुण्यात घरून लोणच्यांचा व्यवसाय करीत. त्या कॅफेत लागणारे शब्द मोजले तर पंधरा-वीसच भरतील. शशीला अडवले ते मागच्या रांगेने.

आभासी वास्तव, म्हणजे व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, इंग्रजी शिकणाऱ्यापुढे नेमका हाच काउंटर मांडते आणि रांग काढून घेते. डोळ्यांवर चष्म्यासारखे यंत्र चढवायचे. आत दोन भिंगे असतात आणि दोन डोळ्यांना किंचित भिन्न चित्रे दिसतात. त्यामुळे दृश्याला खोली येते. मान वळवली की यंत्रातील संवेदक ती हालचाल टिपतात आणि दृश्यही वळते. कल्पना जुनी आहे. आयव्हन सदरलंड यांनी 1968 मध्ये असे यंत्र करून दाखवले, तेव्हा ते छताला टांगावे लागत असे. (मुंबई महापालिकेच्या शाळांतील ‘व्हर्च्युअल क्लासरूम’ ही वस्तू वेगळी, तेथे दूरवरचे शिक्षक पडद्यावर दिसतात, एवढेच.)

रुमानियातील ब्राशोव येथील ‘मोंडली’ या भाषाशिक्षण सेवेने 2017 मध्ये आभासी वास्तवातील संवाद आणले. शिकणारा हॉटेलच्या स्वागतकक्षाशी उभा राहतो, उपाहारगृहात जेवण मागवतो, आगगाडीत सहप्रवाशाशी ओळख करून घेतो. समोरचे पात्र प्रश्न विचारते. उत्तर स्वतःच्या तोंडाने द्यावे लागते, आणि मायक्रोफोनमधून ते ऐकून यंत्र संवाद पुढे नेते. गंमत अशी, की आयुष्यभर गल्ल्याच्या आत बसलेला माणूस येथे गिऱ्हाइकाच्या बाजूला उभा असतो.

असा देखावा विटा-सिमेंटातही उभारून झाला आहे. दक्षिण कोरियात सोलजवळ पाजू येथे 2006 मध्ये एक संपूर्ण ‘इंग्रजी गाव’ सुरू झाले. प्रवेशालाच पारपत्र तपासणीचा देखावा, आत बँक, टपाल कचेरी, दुकाने आणि इंग्रजी बोलणारे परदेशी कर्मचारी. कोट्यवधी डॉलर खर्चून उभारलेले हे गाव पुढे तोट्यात गेले. इमारतींची देखभाल आणि परदेशी माणसांचे पगार यांचे गणित ताळेबंद वाचणाऱ्यास समजावून सांगण्याची गरज नाही. तोच काउंटर आता एका चष्म्यात मावतो.

बोलताना वाटणाऱ्या या भीतीचा अभ्यासही झालेला आहे. 1986 मध्ये एलेन हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परभाषेच्या वर्गातील भीती मोजण्यासाठी 33 विधानांची एक मापनपट्टी तयार केली. आपले नाव पुकारले जाईल या कल्पनेने थरथरणे, इतर जण आपल्याहून चांगले बोलतात असे वाटणे, बोलताना हसे होईल ही धास्ती, असे त्यातील मुद्दे आहेत. साठी ओलांडलेल्या माणसाला ही धास्ती अधिक, कारण त्याला जपायला प्रतिष्ठाही अधिक असते. यंत्रासमोर एकच वाक्य वीस वेळा चुकले तरी तेथील स्वागतिका कपाळाला आठी घालत नाही.

परंतु हाच गुण त्याची मर्यादाही ठरतो. आभासी दुकानदाराला घाई नसते, त्याला भाव पाडायचा नसतो, ‘विचार करून सांगतो’ म्हणत तो निघून जात नाही. पूर्वनियोजित संवादांत अनपेक्षित उत्तराला जागा कमी. अलीकडच्या काही प्रणालींत कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे गप्पा मोकळ्या होतात, तरी सौद्यातील ताण त्यांत उतरत नाही. उच्चार ओळखण्यातही यंत्र चुकते, आणि बरोबर बोललेला माणूस स्वतःलाच दोष देत बसतो. तेव्हा यंत्रात आठवडाभर घोटलेला संवाद लगोलग खऱ्या माणसाशी बोलून पाहावा. अंधेरीच्या आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या परिसरातील एखाद्या हॉटेलच्या स्वागतकक्षाशी खोलीचे दर विचारायला काहीच पैसे पडत नाहीत.

खर्चाचे दोन मार्ग आहेत. स्वतःचा मोबाइल आत बसवायचा साधा चष्मा काही शे रुपयांत मिळतो. गुगलने 2014 मध्ये पुठ्ठ्याचा असा चष्मा आणून ही वाट स्वस्त केली. स्वतंत्र यंत्राची किंमत काही दहा हजारांत जाते. प्रारंभी स्वस्त चष्म्यावर महिनाभर पाहावे, आणि कार्यक्रम खरोखर बोलायला लावतो की नुसते ऐकवतो, हे विकत घेण्यापूर्वी तपासावे. डोळ्यांना हालचाल दिसते आणि शरीर स्थिर असते, त्यामुळे काहींना मळमळते. चक्कर येणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावे, इतरांनीही खुर्चीत बसूनच, दहा-पंधरा मिनिटांवर थांबावे. लहान मुलांसाठी उत्पादकांनी वयाची अट घातलेली असते, ती वाचावी.

आणखी एक गोष्ट. स्वतंत्र यंत्रांत चष्म्यातील दृश्य दिवाणखान्यातील टीव्हीवर दाखवण्याची सोय असते, आणि घरातील नातवंडे ती पहिल्याच दिवशी चालू करतात. आजोबा हॉटेलात खोली मागत असतील तेव्हा ती बंद ठेवावी, आणि खोलीचे दारही लोटून घ्यावे.