लाल विटांचे घर

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. विल्यम मॉरिस या इंग्रज कवीने ही दोन्ही कामे एकाच वर्षी, म्हणजे १८५९ साली, अंगावर घेतली. त्यावेळी त्याचे वय पंचवीस होते. एप्रिलमध्ये जेन बर्डनशी त्याचा विवाह झाला आणि लंडनपासून सुमारे दहा मैलांवर, केंट परगण्यातील बेक्सलीहीथजवळ त्याच्या घराचे काम सुरू झाले. आराखडा त्याचा मित्र फिलिप वेब याने काढला. स्वतंत्रपणे हाती घेतलेले वेबचे हे पहिलेच काम. पुढे ‘आर्ट्‌स अँड क्राफ्ट्‌स’ या नावाने जी वास्तुपरंपरा प्रसिद्धीस आली, तिचा आरंभ या ‘रेड हाउस’पासून मानतात. ते नावाजले कशामुळे, हे वाचकांस थोडक्यात सांगण्याचा आमचा हेतू आहे.

त्या काळी इंग्लंडातील श्रीमंतांची अनेक घरे विटांनी बांधून वर गिलावा केलेली असत. गिलाव्यावर रेघा ओढून तो दगड असल्याचा भास करीत. वेबने हे सोंग टाकले. भिंती लाल विटांच्या, त्या उघड्याच ठेवल्या. वर उतरते कौलारू छप्पर, तेही लालच. घराला नाव पडले ते यावरूनच. दर्शनी बाजू मोजून मापून सारखी करण्याचाही आग्रह त्याने धरला नाही. खोलीचे काम काय, तिला उजेड किती हवा, हे पाहून खिडकी ठेवली. त्यामुळे कोठे खिडकी उंच, कोठे बसकी, तर कोठे साफ वाटोळी दिसते. बाहेरून घर पाहताच आत काय असेल याचा अंदाज यावा, हीच त्यातील खुबी होय.

घराची मांडणी काटकोनी आहे. दोन बाजूंना इमारत, उरलेल्या दोन बाजूंना बाग, आणि मधल्या मोकळ्या जागेत टोकदार छपराचा आड. ही जागा मुळात सफरचंदांची बाग होती. होता होईल तो झाडे न तोडता घर बसविले. दिवाणखाना वरच्या मजल्यावर असून त्याचे छत थेट कौलांच्या उतारात शिरते. तेथील भल्या मोठ्या बाकाच्या माथ्यावर छोटा सज्जा असून त्यावर शिडीने चढता येते.

मनाजोगे सामान बाजारात मिळेना, तेव्हा मॉरिसने मित्रांना हाताशी धरले. वेबने मेजे, दिवे व काचेची भांडी यांचे नमुने काढले. बर्न-जोन्स याने भिंतींवर चित्रे रंगविली. जेनने कापडावर भरतकाम केले. या खटाटोपातूनच १८६१ साली त्यांची कारागिरीची पेढी उभी राहिली. घराच्या बागेतील जाळीवर चढलेल्या गुलाबांवरून मॉरिसने भिंतीच्या कागदाचा नमुना रचला, त्यातील पक्षी मात्र वेबने काढून दिले.

या मंडळींचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. बर्न-जोन्सची मेहुणी ॲलिस ही लॉकवुड किपलिंगची पत्नी. हे दांपत्य १८६५ साली मुंबईस आले आणि किपलिंगने सर जे. जे. कलाशाळेत दहा वर्षे शिल्पकाम शिकविले.

आता दोषही सांगितला पाहिजे. मुख्य खोल्या उत्तरेस व पश्चिमेस तोंड करून आहेत, आणि दक्षिणेचे ऊन बहुतांशी जाण्यायेण्याच्या बोळास मिळते. थंड देशात ही चूक लहान नव्हे. शिवाय लंडनची रोजची ये-जा दगदगीची. १८६४ साली मॉरिस संधिवाताच्या तापाने अंथरुणाला खिळला. बर्न-जोन्स कुटुंबासाठी घर वाढविण्याचा बेतही त्याच सुमारास बारगळला. अखेर १८६५ साली, अवघ्या पाच वर्षांत, मॉरिसने हे घर सोडले. पुन्हा तो तेथे कधी फिरकला नाही.

मग घर टिकले कसे? पुढे राहावयास आलेल्यांनी ते सांभाळले म्हणून. विशेषतः वास्तुविशारद टेड हॉलंबी १९५२ साली तेथे राहावयास आले आणि १९९९ साली निधन होईतो त्यांनी घराची निगा राखली. २००३ साली ते ‘नॅशनल ट्रस्ट’ या विश्वस्त संस्थेच्या ताब्यात आले. २०१३ साली निजण्याच्या खोलीत, एका कपाटामागे, आदम, हव्वा, नोहा इत्यादिकांच्या आकृती असलेले भित्तिचित्र उजेडात आले. कोणी ती भिंत पाडून नवी केली असती, तर ते कायमचे गेले असते.

मॉरिस आणि वेब यांनी १८७७ साली जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी एक संस्था काढली. तिचे सांगणे साधे होते : जुन्या वास्तूला नवे रूप देण्याच्या भरीस पडू नका, तिची रोजच्या रोज काळजी घ्या. कौल सरकले की बसवावे, पन्हळ तुंबली की साफ करावी, ओल दिसताच तिचे मूळ शोधावे. ही कामे किरकोळ खर्चाची असतात. ती टाळली म्हणजे मोठ्या खर्चाची पाळी येते. महोत्सवात नव्या बांधकामाच्या देणगीदाराचे नाव कोरले जाते, कौल बसविणाऱ्याचे कोरले जात नाही. तथापि वास्तू टिकते ती दोघांमुळे. स्वतःस मालक न समजता विश्वस्त समजणारी माणसे ज्या घराला लाभतात, त्याचे आयुष्य बांधणाऱ्याच्या आयुष्याहून मोठे होते. ज्या ज्या संस्थेच्या पदरी जुनी वास्तू आहे, तिने एवढे ध्यानी धरावे, अशी आमची विनंती आहे.